यादीतल्या सात खुर्च्या

ती गेली हे हॉस्पिटलला कळलं तो मंगळवार होता. तोपर्यंत तिला जाऊन नऊ दिवस झाले होते.

सांगायला तोच गेला होता. जायची तशी काही गरज नव्हती. पण चौदा महिने ज्या खिडकीपाशी ती उभी राहिली, तिथे निदान सांगावं की हे नाव आता खोडा, मागच्या कुणाचा तरी नंबर पुढे सरकेल, असं त्याच्या मनात आलं. भला विचार होता. हॉस्पिटलविषयी भला विचार त्याच्या मनात आला तो तेवढाच, शेवटचा.

खिडकी चार नंबरची. आत बसणाऱ्या बाईचा चष्मा साखळीने गळ्यात लटकत असे. त्याने बायकोची फाईल फटीतून आत सरकवली.

"तारीख नाही आली अजून," फाईल न उघडताच बाई म्हणाली. "यादीत आहे. फोन येईल."

"तारीख नकोय. ती गेली."

"कुठे गेली?"

बाईने मान वर केली, त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि मग घाईघाईने चष्मा डोळ्यांवर चढवला. "अरेरे," ती म्हणाली आणि कीबोर्डवर नाव टाइप करू लागली. एकदा टाइप केलं, खोडलं, पुन्हा केलं.

"या नावाचं यादीत कुणी नाहीये."

"नाहीये म्हणजे?"

"नाव निघालंय. पाच महिने झाले."

"कुणी काढलं?"

"काढत कुणी नाही हो. वर्षातून एकदा यादी साफ होते. सगळ्यांना पत्र जातं, ऑपरेशन अजून हवंय का म्हणून. तीन आठवड्यांत उत्तर आलं नाही तर नाव आपोआप निघतं."

"गेल्या महिन्यात ती इथे उभी होती," तो म्हणाला. "मी त्या खांबापाशी होतो. तुम्ही तिला म्हणालात, यादीत आहे, फोन येईल."

"मी नसेन म्हणाले."

"आत्ता मला म्हणालात. दोन मिनिटं नाही झाली."

बाई ओशाळली. मग ओशाळायला लागल्याचा तिला राग आला. "अहो, दिवसाला दोनशे माणसं येतात या खिडकीला. प्रत्येकाचं नाव उघडून कोण बघत बसणार? सगळ्यांना तेच सांगतो आम्ही. बहुतेक असतातच यादीत."

बहुतेक असतातच. तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात ती कशी जाते, हे त्याला त्या क्षणी कळलं. तो ओरडला नाही. त्याने एवढंच म्हटलं, "हे मला लिहून द्या. नाव कधी निघालं, आणि निघाल्यावरसुद्धा तुम्ही तिला काय सांगत होतात, ते."

"अर्ज करा," बाई म्हणाली. "कळवू."

त्याने अर्ज केला, असं कुठलं पत्र गेलंच नव्हतं हेही त्यात लिहिलं. त्यांनी कळवलं नाही.

तो खुर्च्या-सोफ्यांना नवी गादी भरून कव्हर चढवायचं काम करी. दुकान म्हणजे एक लांबट खोली. पुढच्या भागात तो सांगाडे उघडायचा, स्प्रिंगा बांधायचा, स्पंज कापायचा, आणि मागे, उजेडाच्या खिडकीशी, बायको मशीनवर कव्हरं शिवायची. कडेला शिवलेली तिची पायपिंग अशी सरळ की गिऱ्हाईक बोट फिरवून बघत. मग तिला धाप लागायला लागली. हृदयाची एक झडप नीट मिटत नाही, बदलावी लागेल, डॉक्टरांनी सांगितलं. थांबण्यासारखं नाही, हेही त्यांनीच सांगितलं, आणि मग त्यांनीच थांबवलं.

थांबवायच्या तऱ्हा किती! एकदा मोठे डॉक्टर परदेशी होते. एकदा यंत्र बिघडलं होतं. एकदा तर तिला सकाळी सातला उपाशीपोटी बोलावलं, हिरवे कपडे चढवले, आणि दुपारी दोनपर्यंत ट्रॉलीवर झोपवून ठेवून दोनला सांगितलं की आज होणार नाही, पुढची तारीख कळवू. का होणार नाही, ते सांगायला कुणी थांबलं नाही. ती कपडे बदलून बाहेर आली आणि त्याला म्हणाली, "छत मात्र पाठ झालं बघा. एकोणतीस चौकटी आहेत. एक फुटकी." विनोद करायची तिला सवयच होती. घरी येऊन तिने चार घास खाल्ले आणि पुढचे दोन दिवस ती उठली नाही.

तिच्या मागे मशीनवर तिची धाकटी बहीण बसू लागली. मेहुणीच्या तोंडाला कुलूप नव्हतं. जिवाला जीव देणारी बाई, पण बोलायला लागली की ऐकणाऱ्याने पळावं. "भावजी, सोडू नका त्यांना," ती पहिल्या दिवसापासून म्हणत होती. "माझ्या बहिणीला मारलंय त्यांनी. नुसतं उशीर करून करून मारलंय. कुणाचा दोष आहे ते एकदा कागदावर येऊ दे, मग बघते मी."

तोही दात-ओठ खात होता. पण हॉस्पिटलवर दात-ओठ खाऊन काय होणार? एवढ्या मोठ्या इमारतीला एक माणूस कुठे चावणार? रोज सकाळी तो दुकान उघडायचा आणि सूड कसा घ्यावा याचा विचार करत स्पंज कापायचा. कापताना हात चुकायचा नाही, हे एक विशेष.

महिन्याभराने सूड टेम्पोत बसून दुकानाच्या दारात आला.

टेम्पोतून हॉस्पिटलचा स्टोअरवाला उतरला. त्याच्यासोबत सात खुर्च्या. सहा कचेरीतल्या, चाकांच्या, आणि एक उंच पाठीची, जाड हातांची. "मोठ्या डॉक्टरांची आहे ही," स्टोअरवाला अदबीने म्हणाला, जणू डॉक्टर अजून तीत बसलेलेच आहेत. "सगळ्यांच्या गाद्या बसल्यात, कव्हरं फाटलीत. आठ दिवसांत द्याल ना?"

"आठ दिवस? होऊन जाईल," तो म्हणाला आणि पावती फाडली.

स्टोअरवाल्याला तो कोण हे माहीत असायचं कारण नव्हतं. टेम्पो वळणावरून दिसेनासा झाला तसं त्याने सातही खुर्च्या ओळीत मांडल्या, आणि त्याच दुपारी सातही उघडल्या. पिना उपटल्या, कव्हरं सोलली, जुना स्पंज काढून कचऱ्यात टाकला. कव्हर ओरबाडलेली खुर्ची कुणी परत नेत नाही. दुसरा कारागीर तिला हात लावत नाही, दुसऱ्याने उघडलेलं काम आपल्या अंगावर कोण घेणार? उघडली की ती उघडणाऱ्याची झाली. आणि कागदोपत्री त्या खुर्च्या 'दुरुस्तीत' होत्या, म्हणजे हॉस्पिटलला नव्याही मागवता येणार नव्हत्या. मोठ्या घराचे नियम मोठे.

मेहुणी मशीन थांबवून बघत होती. "भावजी, एवढी कसली घाई? अजून कापडसुद्धा आणलं नाही तुम्ही."

"आणणारही नाही," तो म्हणाला.

तिला कळायला एक क्षण लागला. मग तिने पदर तोंडाला लावला. बहीण गेल्यापासून पहिल्यांदा ती हसत होती.

नवव्या दिवशी फोन आला. "खुर्च्यांचं काय झालं?"

"यादीत आहेत," तो म्हणाला. "कळवू."

तेराव्या दिवशी दुसऱ्याच कुणाचा तरी फोन. त्याने विचारलं, "पावती नंबर? ... नाही, तो नंबर या विभागाचा नाही. तुम्ही सकाळी अकरा ते बारामध्ये फोन करा." दुसऱ्या दिवशी बरोबर अकराला फोन वाजला. त्याने एक तास वाजू दिला आणि शेजारी बसून चहा प्यायला. त्या चहाची चव वेगळीच होती.

तिसऱ्या आठवड्यात त्याने स्वतः फोन केला. "उद्या सकाळी सातला टेम्पो पाठवा. वेळेवर पाठवा, नाहीतर नंबर जाईल." साडेसहालाच टेम्पो हजर. त्याने स्टोअरवाल्याला बाकावर बसवलं. नऊ वाजले, अकरा वाजले. तो समोरच दुसऱ्या कुणाच्या तरी सोफ्याला स्प्रिंगा बांधत राहिला. स्टोअरवाल्याने चार वेळा विचारलं, चार वेळा त्याने "बसा, बोलावू" म्हटलं. दुपारी दोनला त्याने सुतळी खाली ठेवली.

"आज होणार नाही. पुढची तारीख कळवू."

"अहो, पण का? सकाळपासून..."

पण तोवर तो मागच्या दाराने निघून गेला होता.

मेहुणी संध्याकाळी म्हणाली, "तो बिचारा कोण, स्टोअरवाला. त्याने काय केलं होतं?"

"तिने तरी काय केलं होतं?"

मेहुणीने मशीनवर आच्छादन घातलं. पण घरी जाताना ती दारात थांबली आणि म्हणाली, "मला मजा वाटते, खोटं का बोलू. पण भावजी, यातून तो कागद काही मिळत नाही. आपल्याला कागद हवाय."

कागद चालत आला. पाचव्या आठवड्यात खिडकीवालीच आली.

ती कमरेवर हात ठेवून दारात उभी राहिली. पाच आठवडे ती पेशंटच्या व्हरांड्यातून ओढून आणलेल्या लोखंडी स्टुलावर बसत होती आणि तिची कंबर कामातून गेली होती. स्टोअरवाला हात वर करत होता, साहेब कानांवर हात ठेवत होते, तेव्हा ती स्वतःच निघाली. आत आली, त्याला पाहिलं, आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं.

"तुम्ही," ती म्हणाली.

"मी. पावती नंबर?"

"अहो..."

"खुर्ची यादीत आहे. बहुतेक असतातच."

तिने आजूबाजूला बसायला काही आहे का पाहिलं. दुकानभर खुर्च्याच होत्या, पण सगळ्यांच्या स्प्रिंगा वर आलेल्या. नीट भरलेला एक सोफा होता, त्यावर त्याने मघाशीच स्पंजाचे तुकडे रचून ठेवले होते. त्याने ते हलवले नाहीत. ती उभीच राहिली.

"बोला, काय हवंय तुम्हाला?" शेवटी ती म्हणाली.

"अर्जात लिहिलंय. नाव कोणत्या तारखेला निघालं. त्यानंतर ती किती वेळा खिडकीला आली. दरवेळी तुम्ही काय सांगितलं. खाली तुमची सही. कागद आला की तुमची खुर्ची मिळेल."

"माझी नोकरी जाईल."

"माझी बायको गेली."

मशीन केव्हाच थांबलं होतं. मेहुणी मागून म्हणाली, "बाई, पाठीला शेक द्या, बरं वाटेल. आणि दोन दिवसांत कागद आणा."

बाई दोन दिवसांनी खरंच आली. मेहुणी तेव्हा धाग्याची रिळं आणायला बाजारात गेली होती. बाईच्या हातात दोन कागद होते. पहिला तिने स्वतःच्या हाताने लिहिला होता. नाव निघाल्याची तारीख. त्यानंतर पाच वेळा पेशंट स्वतः आल्याचं. पाचही वेळा नाव न तपासता 'यादीत आहे' असं सांगितल्याचं. खाली सही, ठसठशीत. त्याने दोनदा वाचलं. पाच वेळा. त्याला प्रत्येक वेळ आठवत होती. तीन जिने, प्रत्येक जिन्याला ती थांबायची आणि भिंतीवरची सूचना वाचत असल्याचं दाखवायची.

"आता हा बघा," बाई म्हणाली आणि दुसरा कागद पुढे केला. तिच्या आवाजात काहीतरी होतं, त्याने ते ओळखलं. पाच आठवडे त्याच्याही आवाजात तेच होतं.

दुसरा कागद म्हणजे यादी साफ करायच्या पत्राची पोचपावती होती. पत्र दुकानाच्या पत्त्यावर आलं होतं. घेणाऱ्याची सही त्याची होती.

"पत्र गेलं नव्हतं असं तुम्ही अर्जात लिहिलंय," ती म्हणाली. "चौकशी बसली की हीही पावती मागतील. मी लपवणार नाही. तुम्ही माझं लपवणार नाही, मी तुमचं नाही."

"हे मी घेतलेलं नाही," तो म्हणाला.

"सही तुमची नाही?"

सही त्याचीच होती. तोंडात बारीक खिळे धरून, गुडघ्याने स्पंज दाबून, एका हाताने केलेली सही अशीच वाकडी येते.

बाई गेली. त्याने कापड कापायच्या फर्म्यांची पेटी ओढली.

हॉस्पिटलची पत्रं एक्स-रेच्या उरलेल्या मोठ्या पाकिटांतून यायची. जाड, तपकिरी, न वाकणारी पाकिटं. नऊ पत्रं आली होती आणि नऊंत एकच मजकूर, तारीख ठरताच कळवण्यात येईल. सातव्या पत्रानंतर ती म्हणाली होती, "पुढचं आलं की वाचू नका. कापा त्याचा फर्मा. निदान कुणाला तरी टेकायला उपयोग होईल." आणि खरंच, तसलं पुठ्ठ्यासारखं पाकीट फर्म्याला सोन्यासारखं असतं. कापडाचा तुकडा कापायचा तर आकाराचा कागद हवाच, आणि कारागीर असा कागद हाती आला की सोडत नाही. आठवं आणि नववं त्याने फोडून वाचलं होतं, तिच्या चोरून. मग कामाचा रेटा आला, एका गिऱ्हाइकाचे बारा सोफे एकदम. त्या दिवसांत आलेलं दहावं पाकीट त्याला आठवत नव्हतं.

ते पेटीत तळाशी सापडलं. सोफ्याच्या हाताचा पुढचा भाग, वर गोल, खाली सरळ. त्याच्याच पेन्सिलीने 'डावा' लिहिलेलं. कडांना खडूची पूड. बारा सोफ्यांचे बारा डावे हात त्याने त्यावरून कापले होते. पाकीट फोडलेलंच नव्हतं, नुसतं कात्रीने कापलं होतं, आतल्या पत्रासकट. दोन पदरांमध्ये पत्राचा गोल तुकडा चिकटून राहिला होता. 'तीन आठवड्यांच्या आत' एवढं होतं. 'आपलं नाव' एवढं होतं. बाकीचं केव्हाच झाडून टाकलेलं.

तो तिथेच जमिनीवर बसला. त्याने हिशेब करून पाहिला, दोष कुणाचा किती. जमला नाही. मग त्याच्या मनात राग पुन्हा उभा राहिला, आणि तो जुनाच राग होता, जराही कमी न झालेला. ठीक आहे, पाकीट त्याने कापलं. पण त्यानंतर पाच वेळा ती तीन जिने चढून गेली होती. पाच वेळा त्या बाईने चष्मा नाकावर घेऊन दोन अक्षरं टाइप केली असती, तर त्याच दिवशी नाव परत लागलं असतं. एक चूक त्याची होती, अडाण्याची. पाच त्यांच्या होत्या, पगारी. हे त्याने स्वतःला मोठ्याने सांगितलं. सांगून झाल्यावर दुकानात फार शांत वाटलं.

मेहुणी रिळं घेऊन आली तेव्हा तो खिडकीवालीच्या खुर्चीवर काम करत होता. शब्द दिला होता, तो पाळायचा होता. नवा स्पंज, नवं रेक्झिन. पण पाठीचा टेकू त्याने जरा खाली बसवला, बोटभर, की बाईला कंबर सरळ करायला मिळाली तरी मान टेकता येऊ नये. काम वाईट नव्हतं. बोट फिरवून बघणाऱ्याला काही सापडलं नसतं.

"आणला का कागद तिने?" मेहुणीने विचारलं.

"आणला."

त्याने पहिला कागद तिच्या हातात दिला. ती उभ्यानेच वाचू लागली. पाच वेळा, पाच वेळा, असं ती पुटपुटली. मग कागद छातीशी धरून म्हणाली, "सुटले नाहीत ते आता. उद्या देऊ या तक्रार. मी येते बरोबर. सगळ्यांसमोर वाचून दाखवते मी हा कागद, त्या मोठ्या डॉक्टरच्या तोंडावर." ती रडत होती आणि तिचा चेहरा बहिणीसारखा दिसत होता. "भावजी, आपली काही चूक नव्हती. मला रोज वाटायचं, आपणच कुठे कमी पडलो का. नव्हतो. बघा, लिहूनच दिलंय तिने."

पोचपावती त्याच्या खिशात होती. फर्मा पेटीत परत गेला होता, तळाशी, बाकीच्यांच्या खाली.

"उद्या नको," तो म्हणाला. "बघतो."

"बघतो काय? कधी?"

त्याने तोंडात खिळे धरले, म्हणजे बोलावं लागणार नव्हतं, आणि हातोडी उचलली.

खिडकीवालीची खुर्ची त्याने दुसऱ्या दिवशी पाठवून दिली. उरलेल्या सहा तशाच उघड्या आहेत, मोठ्या डॉक्टरांची धरून. फोन येतात. मेहुणी रोज सकाळी पहिलं तेच विचारते. या गोष्टीला आता सात आठवडे झाले. तक्रार दिलेली नाही, आणि पाकिटाचं तिला सांगितलेलं नाही.